छत कापडाचं, भिंती जाळीच्या

वाचकांचे प्रश्न

दिवाळी उलटली की सीमाभागात श्वानप्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. खानापूरकडच्या रानात कुत्र्यासह मुक्कामाला जाणारेही याच दिवसांत बाहेर पडतात. उन्हातल्या निवाऱ्याबद्दल आलेल्या पत्रांतली सहा या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन लॅब्रॅडॉर आणि एक पग आहे. डिसेंबरात प्रदर्शनाला सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत मैदानावर थांबावं लागतं. १० बाय १० फुटांचा घडीचा मंडप घ्यायचं ठरतंय. दुकानात सरळ पायांचा आणि तिरक्या पायांचा असे दोन दाखवले. तिरका हलका आहे, स्वस्तही आहे. कोणता घ्यावा? त्यात तीन कुत्री आणि चार माणसं मावतील का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सरळ पायांचा घ्या. तिरक्या पायांच्या मंडपावर लिहिलेलं १० बाय १० हे माप बहुधा जमिनीवरच्या पायांचं असतं. वर कापड असतं ८ बाय ८ च्या आसपास. म्हणजे १०० चौरस फुटांचे पैसे मोजून हाती ६४ चौरस फूट लागतात. शिवाय ते बाहेर आलेले पाय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या आणि कुत्र्याच्या पट्ट्याच्या आड येतात. दुकानात टेप घेऊन जा आणि कापडाची एक कड मोजा. खोक्यावर काय छापलंय ते बघू नका.

मावण्याचं म्हणाल, तर लॅब्रॅडॉरला साधारण साडेतीन फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, लागतो. असे दोन, पगचा एक छोटा, ग्रूमिंगचं टेबल आणि चार खुर्च्या हे सगळं १० बाय १० मध्ये बसतं. पण ते सगळं सावलीत बसेल का, हा वेगळा प्रश्न आहे. मंडप घेताना बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

सावली मंडपाखाली पडते हे खरं फक्त सूर्य डोक्यावर असताना. बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. डिसेंबरात भर मध्यान्हीही तो दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर. मंडपाची कड सात फुटांवर असेल तर मध्यान्हीची सावली जवळजवळ पावणेसहा फूट उत्तरेला सरकलेली असते. आपल्याकडे ही मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते, बारा वाजता नाही. सकाळी दहाला सूर्य आग्नेयेला असतो आणि सावली वायव्येला तिरकी साडेनऊ फूट जाते. मंडप चारी दिशांना नीट लावलेला असेल तर त्या वेळी त्याच्याखाली जेमतेम साडेतीन बाय सव्वातीन फुटांचा एक कोपरा सावलीत उरतो. नऊ वाजता तेवढाही नसतो. सगळी सावली शेजारच्याच्या जागेत पडलेली असते. दुपारी साडेतीनला पुन्हा तीच गत, फक्त उलट्या बाजूला.

म्हणून डिसेंबरातल्या प्रदर्शनाला छताइतक्याच भिंती महत्त्वाच्या. सकाळी पूर्व आणि दक्षिण झाका, दुपारी एकनंतर पूर्वेची भिंत काढून पश्चिमेला लावा. दक्षिणेची दिवसभर राहू द्या. उत्तरेला या महिन्यांत ऊन येतच नाही, ती बाजू कायम मोकळी ठेवायची. कुत्र्यांना वारा मिळतो तो तिथूनच. कडक ऊन असेल आणि उभं राहायची गरज नसेल, तर पाय सर्वांत खालच्या खाचेवर ठेवा. कड सातऐवजी सहा फुटांवर आली तर दहा वाजताची सावली साडेनऊऐवजी आठ फूट सरकते, दीड फूट वाचतं. जागा मिळते तेव्हा आयोजकांकडून उत्तरेची बाजू कुठली हे विचारून घ्या, आणि मंडप आपल्या जागेच्या दक्षिण कडेला उभा करा. म्हणजे सरकलेली सावलीही आपल्याच जागेत पडेल.

या भिंती जाड कापडाच्या न करता शेडनेटच्या, म्हणजे रोपांवर सावलीसाठी ताणतात त्या जाळीच्या, करा. कारण पुढच्या दोन उत्तरांत आलं आहे.

प्रश्न : शाळेच्या पटांगणावर मंडप लावला होता. फरशीसारखं घट्ट मैदान, मेखा ठोकायला मनाई. प्रत्येक पायाला दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या बांधल्या होत्या. वारा फार नव्हता, तरी मंडप उचलला गेला आणि शेजारच्या टेबलावर पडला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. किती वजन लावायला हवं होतं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही प्रत्येक पायाला आठ किलो लावलं, चारी मिळून बत्तीस. मंडपाचं स्वतःचं वजन धरलं तरी ते कमीच होतं.

हिशोब असा. ताशी ३० किलोमीटरचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर साधारण सव्वाचार किलोचा दाब देतो. ३ बाय ३ मीटरचं छत म्हणजे नऊ चौरस मीटर. वारा खालून शिरला तर वर उचलणारा जोर चाळीस किलोच्या घरात जातो. तेवढ्या वाऱ्यात झाडांच्या फांद्या हलतात, धूळ उडते, इतकंच. त्याला कुणी वादळ म्हणत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ६० ला तोच आकडा दीडशे किलोच्या वर जातो. त्यातही हा जोर चारी पायांवर सारखा वाटला जात नाही. वारा येतो त्या बाजूचे दोन पाय आधी सुटतात आणि मंडप दुसऱ्या दोन पायांवर उलटतो. त्यामुळे सरासरीवर विसंबून चालत नाही.

१० बाय १० ला प्रत्येक पायामागे १८ ते २० किलो हे किमान समजा. त्यासाठी तीन गोष्टी सोयीच्या. पहिली, २० लिटरचा पाण्याचा कॅन. मैदानावर नळ असेल तर घरून रिकामा नेता येतो आणि तेच पाणी कुत्र्यांना चालतं. मात्र संध्याकाळपर्यंत पाणी वापरत गेलात तर वजनही उतरत जातं, हे लक्षात ठेवा. पिण्याचा कॅन वेगळा ठेवा. दुसरी, वाळूची पिशवी. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे बारा लिटर वाळूत काम होतं. पिशवी दुहेरी शिवून घ्या, खताच्या पोत्याची शिवण दोन हंगामांत उन्हाने कुजते. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत चांगली, म्हणजे काँक्रीट भरलेला पीव्हीसी पाईप. चार इंची पाईपचे तीन-तीन फुटांचे चार तुकडे घ्या, खालून टोपी बसवा, काँक्रीट भरा आणि ओलं असतानाच वर एक लोखंडी कडी रोवा. प्रत्येक तुकडा पाईप धरून १८ किलोच्या आसपास होतो, पायाला चिकटून उभा राहतो आणि कुणाच्या पायात येत नाही. गाडीत आडवा ठेवताना घरंगळणार नाही असा बांधा.

वजन कसं बांधता हेही तितकंच महत्त्वाचं. पायाच्या तळपट्टीवर नुसतं ठेवलेलं वजन तिथेच राहतं आणि मंडप वर जातो. पट्टा वरच्या कोपऱ्याच्या सांध्यापासून खाली आणून वजनाच्या कडीला ताणून बांधायचा, आणि वजन खाली पायालाही आवळायचं. अधांतरी लोंबकळणारं वजन वाऱ्यात झोके घेतं आणि पाय वाकवतं.

आता भिंतींचं. मंडपाच्या एका बाजूला कापडी भिंत लावली की तिथे सहा चौरस मीटरचं शीड उभं राहतं. ताशी ३० च्या वाऱ्यात पंचवीस किलोंची ढकल फक्त त्या भिंतीवर येते. तीन बाजू बंद आणि वारा चौथीतून आत, ही सगळ्यांत वाईट मांडणी. वारा आत कोंडतो आणि छत वर उचलतं. शेडनेटमधून बराचसा वारा आरपार जातो, म्हणून भिंतीला जाळी. कापडी भिंत आधीच घेतली असेल तर ती खालून दीड फूट गुंडाळून ठेवा आणि वारा वाढला की पहिली तीच काढा.

एवढं सगळं करूनही ताशी ४० च्या वर मंडप उभा ठेवू नये. मार्चनंतर वळवाचे दिवस आले की आभाळ काळं व्हायची वाट बघत बसू नका. पावसाच्या आधी जो गार वाऱ्याचा लोट येतो तोच मंडप नेतो. ढग चढताना दिसले की कुत्री क्रेटसह गाडीत हलवा, मग पाय खाली घ्या, मग घडी. विजा चमकत असतील तर लोखंडी सांगाड्याजवळ थांबूच नका. मंडप पुन्हा घेता येतो.

आणखी एक. कुत्रं मंडपाच्या पायाला कधीही बांधू नका. तीस किलोच्या कुत्र्याने मांजर बघून एक हिसका दिला की वाऱ्याशिवायच मंडप खाली येतो, तोही त्याच्याच अंगावर.

प्रश्न : आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. हिरवी शेडनेट भरपूर पडून आहे. तीच कुत्र्यांसाठी वापरली तर चालेल का? ५० टक्के, ७५ टक्के म्हणजे नेमकं काय?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : जरूर वापरा. विकतच्या बऱ्याच भिंतींपेक्षा ती सरस ठरेल.

जाळीवरची टक्केवारी म्हणजे ती किती प्रकाश अडवते त्याचं माप. ५० टक्के जाळी रोपांना बरी, कुत्र्याला अपुरी. निम्मं ऊन अंगावर येतंच. भिंतीसाठी ७५ टक्के चांगली. ९० टक्के जाळी सावली दाट देते, पण वारा अडवते आणि वाऱ्यात फुगतेही जास्त. ५० ची जाळी हाताशी असेल तर दोन पदर चार-सहा बोटं अंतर सोडून लावा, एकमेकांना चिकटवू नका.

छतासाठी मात्र एकटी जाळी पुरत नाही. पाऊस आरपार येतो, दवही येतं, आणि भर दुपारी उरलेलं पाव ऊनही पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला जड जातं. म्हणून छत कापडाचं आणि भिंती जाळीच्या, ही जोडी.

जाळी कापून तशीच बांधली तर गाठीपाशी फाटते. कडा दोन इंच दुमडून आत दोर ओवा आणि शिवून घ्या. ट्रकची ताडपत्री शिवणारे हे काम करतात, दर दोन फुटांवर पितळी रिंगही मारून देतात. शिवायला वेळ नसेल तर नर्सरीत वापरता त्याच प्लास्टिकच्या क्लिपा चालतील. मात्र कोपऱ्याला क्लिपेवर भरवसा ठेवू नका, तिथे जाळीची घडी घालून दोराने बांधा.

भिंत सरळ खाली सोडण्यापेक्षा दक्षिणेच्या बाजूला ती ओसरीसारखी बाहेर ताणली तर जास्त उपयोग होतो. मंडपाच्या कडेपासून जमिनीवर सहा फूट बाहेर खुंटीपर्यंत तिरकी ताणायची. कड सात फुटांवर असेल तर जाळीची लांबी सव्वानऊ फूट होते, बांधायला धरून दहा घ्या. आतली जागा वाढते, वाराही खेळतो. बाहेर तेवढी जागा नसेल तर अर्थात सरळच.

दोन गोष्टी सांभाळा. विणलेल्या जाळीच्या भोकात कुत्र्याची नखं अडकतात, विशेषतः पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख. घाबरून ओढलं की ते मुळापासून निघतं. म्हणून जाळी जमिनीपासून फूटभर वर संपवा किंवा खालच्या फूटभराला जाड कापडाची पट्टी लावा. क्रेटवर जाळी टाकायची असेल तर थेट अंथरू नका. चार कोपऱ्यांना काठ्या बांधून वीतभर वर ताणा, मधून हवा गेली पाहिजे. दुसरी गोष्ट, नर्सरीत फवारणी झालेली जाळी असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात टाकल्याशिवाय कुत्र्याजवळ नेऊ नका. कुत्री ती चाटतात, चघळतात.

प्रश्न : जांबोटीकडे दोन रात्रींच्या मुक्कामाला जायचं आहे, बरोबर कारवानी कुत्री आहे. मंडप न्यायची सोय नाही, ताडपत्री नेणार. मागच्या वेळी जमिनीत मेखच जाईना, दोन वाकल्या. काय करावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तो जांभा. वर बोटभर माती आणि खाली दगड, तिथे बाजारातल्या बारीक तारेच्या मेखा वाकणारच. दोन उपाय आहेत. पहिला, मेख बदला. १२ मिलिमीटर सळईचे फूटभर लांबीचे तुकडे घ्या, एक टोक धारदार, दुसरं वळवून कडी केलेलं. उद्यमबागेतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. पहारीने आधी भोक पाडायचं, मग मेख ठोकायची. मेखेचं डोकं ताडपत्रीपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोर आणि मेख यांत काटकोन होतो. उभी किंवा आत कललेली मेख दोराबरोबर वर सरकते.

दुसरा उपाय, मेखच नको. दोराचं टोक नारळाएवढ्या दगडाला बांधा, तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पुढे, ताडपत्रीच्या बाजूला, दोरावरच वीस-पंचवीस किलोचा धोंडा ठेवा. ओढ बसली की छोटा दगड मोठ्याच्या मागे अडकतो. मोठ्या धोंड्याला थेट दोर गुंडाळण्यापेक्षा हे पक्कं बसतं आणि सोडायलाही सोपं. जांभ्याची कड खरखरीत असते, रात्रभरात दोर कापते. दोर दगडाला टेकतो तिथे गोणपाटाचा तुकडा घाला. माती खोल असेल तिथे गोणीत माती भरून फूटभर खड्ड्यात आडवी पुरा आणि तिला दोर बांधा. काळ्या रानात तर हेच करा. काळी माती कोरडी असताना मेख घट्ट धरते, पण रात्री एक सर आली की लोण्यासारखी सोडते.

ताडपत्री १२ बाय १५ फुटांची, १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची, घ्या. तिचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं. २०० जीएसएमची सव्वातीन किलो होते, दोन रात्रींना ती गरज नाही. दोन झाडांमध्ये आढ्याचा दोर, ८ मिलिमीटरचा, तीस फूट. कडांना सहा दोर, प्रत्येकी दहा फूट. नायलॉन ओला झाला की सैल पडतो, सुती दोर ओला झाला की आखडतो आणि रिंगा उपटतो. पॉलिस्टरचा दोर दोन्ही करत नाही. कडेच्या दोरांना सरकती गाठ द्या, म्हणजे पहाटे दवाने ताडपत्री जड झाली तर न सोडता ताणता येते. झाडाला निसरगाठ मारू नका, सालीत रुतून बसते.

आढं पूर्व-पश्चिम ठेवा. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून दक्षिणेचा पाखा खाली, जमिनीपासून दोन फुटांवर, आणि उत्तरेचा उंच. आढ्याखाली फूटभर अंतरावर दुसरा दोर बांधून त्यावर जुनी चादर किंवा जाळी टाकली तर दुपारी फार फरक पडतो. तापलेली ताडपत्री खाली उष्णता फेकते ती या दुसऱ्या पदरावर अडते.

कारवानीच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड. दुपारच्या सावलीइतकीच तिला पहाटेची काळजी हवी. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर पहाटे चांगलंच गारठतं. खाली घोंगडी, अंगावर कपडा. जमिनीवर नुसती ताडपत्री अंथरून निजवू नका.

जागा निवडताना वर बघा, वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ दोन्ही टाळा. रात्री कुत्री बाहेर बांधून ठेवायची नाही. हा बिबट्याचा मुलूख आहे आणि बांधलेलं कुत्रं त्याला आयतं मिळतं. तिला आपल्याबरोबर तंबूत घ्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत कुत्रं नेण्याचा विचारही नको. परत आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या उलगडून गोचिडी बघा, तिच्याही आणि स्वतःच्याही. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडींतूनच पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. गोचीड चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही.

प्रश्न : मंडप चार वर्षांचा आहे. छताचं कापड आतून चिकट झालंय, वास मारतं, चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटतोय. आडव्या कात्रीच्या पट्ट्यांपैकी दोन वाकल्या आहेत. दुरुस्त होईल की टाकून द्यावा?
— एक वाचक, अथणी

उत्तर : सांगाडा ठेवा, कापड टाका. तो चिकटपणा म्हणजे कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत विरघळत चालला आहे. ओला मंडप घडी करून पिशवीत ठेवला की हेच होतं. धुऊन, पावडर लावून तो परत येत नाही. पावसातच आवरावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच रात्री उघडा करून वाळवा.

नवं छत शिवायला देताना जुनं उसवू नका. ते सांगाड्यावर चढवून, ताणून, मगच मापं घ्या. कापड ६०० डेनियरचं पॉलिस्टर मागा. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. पण जाड धागा म्हणजे दाट सावली असं नाही. दुकानातच कापडामागे मोबाईलचा टॉर्च धरा. उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसला तर ऊनही येणार. चारी कोपऱ्यांना आणि शेंड्याला दुहेरी कापड लावायला सांगा, फाटतं ते तिथेच.

वाकलेल्या पट्ट्या ठोकून सरळ करू नका, विशेषतः अॅल्युमिनियमच्या. वाकलेल्या जागी त्या मोडतात. भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, पाईपचं माप आणि जाडी घ्या आणि नव्या करवून घ्या. बोल्टला नायलॉनचा नट आणि दोन्ही बाजूंना वॉशर लावा. नट इतकाच आवळा की पट्टी हाताने फिरेल. फार आवळला तर उघडताना दुसरीकडे जोर येतो आणि कोपऱ्याचे प्लास्टिकचे सांधे तुटतात.

पट्ट्या वाकल्या त्या बहुतेक पाण्याने. छत सैल असेल तर कोपरा आणि मधला शेंडा यांच्यामध्ये पाणी साचतं. १० बाय १० वर सरासरी एक इंच पाणी म्हणजे २३० किलोहून जास्त. म्हणून कोपऱ्यांजवळ कापडाखाली अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपची कमान घाला, पाणी थांबत नाही. आणि मंडप उघडताना एकट्याने एक पाय धरून ओढू नका. दोघांनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून एकाच वेळी अर्धा उघडायचा, कापड चढवायचं, मग पूर्ण ताणायचा. चौघं असतील तर उत्तम.

प्रश्न : बाहेर ऊन फार नसतं, मग कुत्र्याला डोम तंबूत किंवा मंडपाखाली उभ्या केलेल्या गाडीत तासभर ठेवलं तर काय हरकत आहे?
— एक वाचक, हिंडलगा

उत्तर : ठेवू नका, अर्धा तासही नाही. बाहेर २४-२५ अंश असतानासुद्धा उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळीसच्या वर जातो. गाडीवर मंडप असला तरी सावली सरकते, हे वर आलंच आहे. तुम्ही रिंगमध्ये असताना ती कधी सरकली ते कळणार नाही. डोम तंबूचं पातळ कापड ऊन आत घेतं आणि हवा कोंडतं.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मार्ग म्हणजे धापा टाकणं. भोवतीची हवा कोंदट झाली की धापांचा उपयोग होत नाही, उलट श्रमाने अंग आणखी तापतं. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू यांना, हे सर्वांत लवकर होतं.

थर्मामीटर जवळ ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ ला सावध व्हा. धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल, घट्ट लाळ, चालताना झोकांड्या, ओकारी यांतलं काहीही दिसलं तर थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत नळाचं पाणी ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच धरतो. पाणी शुद्धीत असेल तरच, थोडं थोडं. तापमान १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते फार खाली जातं. कुत्रं सावरलेलं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो.

मंडपाखाली लोखंडी जाळीचा क्रेट ठेवा, प्लास्टिकचा नको. तो दोन विटांवर उचला. पंचवीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं, उन्हातल्या दिवसाला दुप्पट धरून घरून न्या. आणि कुत्र्याजवळ एक माणूस कायम ठेवा, सावलीबरोबर क्रेट सरकवायला.